कुलकर्णींचा रफार

फोन सकाळी साडेआठला आला. मी परळ स्टेशनच्या पुलावर गर्दीत ढकलला जात होतो. आदल्या रात्रीच आम्ही दादरच्या एका जुन्या ग्रंथालयाची वेबसाइट चालू केली होती, आणि चिटणीसांनी माझा नंबर एका आजींना दिला होता.

"अहो, देणगीदारांच्या यादीत आमच्या ह्यांचं नाव चुकलंय. कुलकर्णीचं कुलकणी झालंय. आणि कै.चं के. दिसतंय."

आवाजात राग अजिबात नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

ऑफिसात पोचल्या पोचल्या डेटाबेस उघडला. नाव बरोबर होतं, रफारासकट! म्हणजे चूक टायपिंगची नव्हती. ओळीची उंचीच इतकी कमी होती की अक्षराच्या वर जे जे होतं ते कापलं गेलं होतं: रफार, 'कै'ची वरची मात्रा, अनुस्वार.

मग व्हायचं तेच झालं. आमची डिझायनर म्हणाली, "माझ्या फायलीत सगळं नीट आहे." मी म्हणालो, "माझ्या कोडमधे नाव नीट आहे." दोघंही खरं बोलत होतो आणि पडद्यावर कुलकणीच होते.

झालं होतं असं. तिने पान रंगवलं तेव्हा यादी आलेलीच नव्हती, म्हणून तिने नमुन्याला इंग्रजी नावं टाकली. इंग्रजी अक्षरांना डोक्यावर रफार नसतो आणि पायाशी उकार नसतो, त्यामुळे तिने ठेवलेलं अंतर त्यांना पुरत होतं. मी ते अंतर जसंच्या तसं उचललं. तिन्ही रकाने तिच्या चित्रासारखे एका रेषेत यावेत म्हणून प्रत्येक नावाची चौकट पक्की केली, आणि चौकटीबाहेर जाईल ते लपवायला सांगितलं. माझ्या मते मी तिच्या चित्राशी अगदी प्रामाणिक होतो.

पण खरं सांगायचं तर रात्री साडेअकराला मला ते दिसलं होतं. एका नावाची वेलांटी वरून सपाट झाली होती. मनात आलं, तिला विचारावं. मग वाटलं, आता कुठे विचारत बसायचं, ती म्हणेल डिझाइन बिघडवतोस. आणि मी पान चालू करून घरी गेलो. ही गोष्ट मी ऑफिसात दोन दिवस कुणाला सांगितली नाही.

संध्याकाळी गिरगावात घरी आल्यावर बाबांना सांगितली. बाबा आयुष्यभर छापखान्यात जुळारी होते. त्यांनी फोनवर पान बघितलं आणि म्हणाले, "ओळींमधे लेड कमी घातलंत." पूर्वी दोन ओळींमधे शिशाची पट्टी घालत, तिला लेड म्हणत. मग विचारलं, "मजकूर हातात यायच्या आधी माप कुणी घेतलं?"

यावर काय बोलणार? जेवायला बसलो.

जेवताना विषय निर्णयसागरचा निघाला, आमच्याकडे तो निघतोच. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, काळबादेवीच्या बाजूला, जावजी दादाजी चौधरींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या सुबक टाइपाचं कौतुक आजही होतं. त्यामागे राणोजी रावजी आरू या त्यांच्या मित्राचा हात होता. एकाला छपाई कळत होती, दुसऱ्याला अक्षर घडवता येत होतं. बाबांचं म्हणणं असं, की अक्षर घडवणाऱ्याला आपला खिळा छापून कसा उमटतो ते लगेच बघायला मिळालं, तरच तो सुधारतो.

आजच्या टंकातही हेच आहे. विंडोजमधला 'मंगल' टंक सुलेखनकार र. कृ. जोशींनी रेखाटला. पण नुसत्या रेखाटनाने कुलकर्णी लिहिता येत नाही. आपण टाइप करताना आधी र, मग हलन्त, मग ण, मग दीर्घ वेलांटी असं करतो, आणि तो र उडी मारून शेवटी वेलांटीच्या डोक्यावर जाऊन बसतो. ही उडी नियमात लिहावी लागते. म्हणजे रेखाटन आणि नियम एकमेकांना धरून राहतात तेव्हाच टंक चालतो. आम्ही दोघं मात्र एकमेकांना फायली पाठवत होतो, फक्त!

तिसऱ्या दिवशी मी तिला साडेअकराची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मलाही माहीत होतं की मराठी यादी यायची आहे. मी थांबायला हवं होतं."

त्यानंतर आम्ही काही गोष्टी पाळतो. पहिलं चित्र खऱ्या मराठी मजकुरावरच काढायचं, तोही सगळ्यात लांब नावाचा आणि रफार-उकारांनी भरलेला. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, कारण शिरोरेखा तुटते. यादी रिकामी असेल, नेट संथ असेल, माहिती चुकीची भरली असेल, तर पान कसं दिसेल तेही तिने काढायचं; नाहीतर ते मी मध्यरात्री मनाने ठरवतो. तिने सांगायचं की या चित्रातलं काय हलवलेलं चालेल आणि काय अजिबात नाही. मी "होणार नाही" म्हणायचं नाही, "दोन दिवस लागतील, हवंय का?" असं विचारायचं. आणि पान चालू करण्याआधी अर्धा तास एकाच पडद्यासमोर दोघांनी बसायचं. हा अर्धा तास सगळ्यात जड जातो, कारण तेव्हा दोघांनाही आपापलं चुकलेलं दिसतं. असो.

कुलकर्णींचं नाव त्या पहिल्या दिवशीच दुपारपर्यंत दुरुस्त झालं होतं. ओळी मोकळ्या केल्या, यादी तीन रकान्यांची दोन झाली, पान लांबलं. मी आजींना फोन केला आणि बघायला सांगितलं. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं, कै.पासून कुलकर्णीपर्यंत.

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आणि ओळी लांब लांब केल्यात ना, ते बरं झालं. चष्म्याशिवाय वाचता आलं."