चालून पाहिलेल्या माणसाचा रिव्ह्यू

दुकानात आलेलं गिऱ्हाईक चप्पल हातात घेतं, तळ वाकवून बघतं, पायात घालून दोन पावलं टाकतं आणि चप्पल शिवणाऱ्या आमच्या आण्णांच्या तोंडाकडे बघतं. आण्णा म्हणतात, "अंगठा जरा घट्ट हाय, पण असू दे. वापरून सैल पडतंय." एवढ्यावर सौदा होतो. आमच्या घरात कोल्हापुरी चप्पल पिढ्यान् पिढ्या बनते. तळ म्हशीच्या कातड्याचा, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेला. शिवण कातड्याच्याच वादीची, खिळा कुठेही नाही. वेणी घालायला आई आणि काकू. हे सगळं मी फोटो काढून ऑनलाइन मार्केटप्लेसवर चढवलं, आणि खाली फक्त शून्य दिसायला लागलं. रिव्ह्यू नाहीत म्हणून कोणी घेत नाही, आणि कोणी घेत नाही म्हणून रिव्ह्यू नाहीत.

आमच्या चपलेच्या शेजारीच रेक्झिनच्या, फोमचा तळ असलेल्या चपला 'कोल्हापुरी' म्हणून दिसायच्या आणि त्यांच्याखाली शेकड्यांनी तारे असायचे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. पण मोबाइलच्या पडद्यावर कातड्याचा वास येत नाही. ज्याने आयुष्यात कधी खरी कोल्हापुरी घातली नाही, त्या दिल्लीच्या किंवा गुवाहाटीच्या माणसाने आमच्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? आधी घेतलेल्या कोणाच्या तरी शब्दावर. त्या माणसाची चूक मला कधीच वाटली नाही.

लिस्टिंग चढल्यावर थोड्याच दिवसांत फोनवर रिव्ह्यू विकणाऱ्यांचे मेसेज यायला लागले. पद्धत ठरलेली. त्यांची माणसं आपल्या पैशाने चप्पल मागवणार, पाच तारे देऊन दोन ओळी लिहिणार, आपण चपलेचे पैसे परत करायचे आणि वर दर रिव्ह्यूमागे कमिशन. ऑर्डर खरी असल्यामुळे रिव्ह्यूवर 'खरेदी केलेली' असा शिक्काही बसतो. काही जण तर सांगायचे, "चप्पल पाठवूच नका, रिकामा खोका पाठवा." मी हे आण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी हातातली कातडं कापायची रापी खाली ठेवली. "चालून बघितल्याबिगर त्यो काय लिवणार गं?" म्हणाले आणि परत कामाला लागले. आमच्या घरात हा विषय तिथेच संपला.

पुण्या-मुंबईचे चुलतभाऊ हौसेने म्हणत होते, आम्ही लिहितो. त्यांनाही नको म्हटलं. घरच्यांनी, मित्रांनी लिहिलेलं ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांना चालत नाही, आणि ते योग्यच आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. विकत घेतलेले किंवा त्यासाठी माणसं लावून लिहून घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत, असं त्यात आहे. पण सुरुवातीला ते ऐच्छिकच ठेवलं. ते सक्तीचं व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण खोट्या ताऱ्यांचा पहिला मार खरं काम करणाऱ्या कारागिरावर बसतो.

सरळ मार्ग नाहीत असं नाही. अॅमेझॉनवर व्हाइन नावाची सोय आहे. माल फुकट द्यायचा, रिव्ह्यू कोण लिहिणार ते कंपनी ठरवते, आणि माल फुकट मिळाल्याचं वाचणाऱ्याला दिसतं. पण त्यासाठी आधी ब्रँडची नोंदणी लागते, म्हणजे ट्रेडमार्क आला. आमच्या सुभाषनगरातल्या चप्पल बनवणाऱ्या किती घरांकडे ट्रेडमार्क असेल?

मग उरली ती विनंती. पोचलेल्या ऑर्डरसमोर अॅमेझॉनवर रिव्ह्यू मागायचं बटण असतं. माल पोचल्यापासून पाचव्या दिवसानंतर ते दाबता येतं, तिसाव्या दिवसानंतर येत नाही. मजकूर कंपनीचाच असतो, त्यात आपला शब्द घालता येत नाही. बरेच विक्रेते मुदत सुरू झाली की लगेच बटण दाबतात. चार्जर किंवा डबा असेल तर ते ठीकच आहे. कोल्हापुरीचं तसं नाही. नवी चप्पल आधी चावते. कातडं पायाच्या आकाराला यायला वेळ घेतं, अंगठ्याजवळ घासतं, आणि नेमकं त्याच दिवसांत विचारलं तर माणूस फोडाबद्दलच लिहिणार. म्हणून मी मुदत संपत येईपर्यंत थांबते.

तोवर गिऱ्हाइकाला एकटं सोडत नाही. खोक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चिठ्ठी असते: पहिले काही दिवस घरातच थोडा वेळ घाला, पट्ट्याला आतून तेलाचं बोट लावा, पावसात नेऊ नका, भिजली तर सावलीत वाळवा. शेवटी एवढंच, की वापरून जे वाटेल ते लिहा. 'चांगलं लिहा' म्हणणं नियमात बसत नाही आणि मला ते म्हणायचंही नाही. लिस्टिंगवर मापाचं चित्रही टाकलं. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ मारा आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटर मोजा. माप चुकून परत येणारे जोड त्याने कमी झाले.

पहिला रिव्ह्यू आला तो तीन ताऱ्यांचा. कातडं अस्सल आहे, काम सुबक आहे, पण आठवडाभर पाय सोलून निघाले, असं त्या माणसाने लिहिलं होतं. भाऊ तक्रार करून तो काढायला लावू म्हणत होता. पण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी त्याचीच गोष्ट वर्णनात सगळ्यात वर घेतली: ही चप्पल सुरुवातीला चावते. त्यानंतर प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारलं, किती दिवस चावते? मी उत्तर लिहिण्याआधीच दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने लिहून टाकलं होतं: "आठवडाभर. नंतर काढावीशी वाटत नाही." ऑर्डरी वाढायला लागल्या त्या त्यानंतर. रिव्ह्यू सावकाश येतात, पण पावसाळा, लग्नसराई, लांबचं चालणं असं काहीतरी त्यांत असतं. ते मी रात्री आण्णांना वाचून दाखवते, आणि टाचेची तक्रार असली की दुसऱ्या दिवशी तळाचा थर बदललेला दिसतो.

आता कापशी घाटाच्या चपलेची नवी लिस्टिंग चढवली आहे. तिच्याखाली पुन्हा शून्य आहे. पहिले जोड गेल्या आठवड्यात रवाना झाले. बटण मी महिनाअखेरीस दाबणार आहे.