रद्दीच तर आहे!

"अहो, रद्दीच तर आहे! ह्यात तुमचं काय गेलं?" पुण्यातल्या प्रदर्शनात एका बाईंनी आमची कागदी मण्यांची माळ बोटावर गरगर फिरवत विचारलं. दोन वर्षं झाली, अजून भाजी निवडताना मी त्यांना मनातल्या मनात उत्तरं देते.

काय गेलं? माळेत 42 मणी. प्रत्येकाला मासिकाच्या पानाची लांब पट्टी, एकीकडे रुंद, दुसरीकडे निमुळती. रुंद टोकाकडून ती विणायच्या सुईवर गुंडाळायची. घट्ट झाली तर मणी सुईवरून निघत नाही, सैल झाली तर मधली गुंडाळी दुर्बिणीसारखी बाहेर येते. शेवटी फेविकॉलचा ठिपका, मग व्हार्निशचे दोन हात. दोन्हींच्या मध्ये वाळवण. आणि आमचं गाव भरे, मुळशी तालुका! श्रावणात व्हार्निश तीन-तीन दिवस बोटाला चिकटतं. मी माळा फ्रिजच्या मागे टांगते. त्याआधी लावणी. गटातल्या बायका दिवसभर भातखाचरात, रात्री भेगाळलेल्या बोटांनी मणी वळायचे. भेगेत फेविकॉल गेलं की कळतं काय जातं ते.

तसं हे काम नवं नाही. आजी कागद भिजवून, त्यात मेथी वाटून घालून, पालथ्या पातेल्यावर लगदा थापायची. टोपली कडक व्हायची, मेथीमुळे कीड लागायची नाही. तिकडे शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940पासून सुती चिंध्यांचा कागद करते. चिंधीचा कागद झाला की त्याला मान, आणि कागदाची माळ केली की ती रद्दी!

दीडशे सांगितले होते. बाई साठवरून सुरू झाल्या. "घरीसुद्धा करता येईल," असंही म्हणाल्या. करा की! पण सात वाजले होते, टेम्पोवाला खोळंबला होता. दिली शंभराला. गटातल्या बायकांना हिशेब देताना मान वर झाली नाही.

खोटं कशाला बोलू, परवा पिरंगुटच्या बाजारात मेथीची जुडी उचलून मीच म्हणाले, "मावशी, पालाच तर आहे, दहाला द्या." मावशींनी जुडी हातातून काढून घेतली. घरी येईपर्यंत मला त्यांचाच राग येत होता.

तरीही सांगते, त्या माळेला शंभर कमीच होते.