मायेचा अतिरेक

रोह्यास दिलेली आमची धाकटी बहीण मल्टिपल स्क्लेरोसिसने खचली, तेव्हा तिला पेणला माहेरी आणून आम्ही अंथरुणावरच जपले, घासही भरविला. या व्याधीत शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंचे आवरण कुरतडते. व्यायामाने ती बरी होत नाही. परंतु उरलेले बळ टिकते, वाढूही शकते. उष्म्याने लक्षणे बळावतात, म्हणून सकाळच्या गारव्यात थोडा व्यायाम, मग विश्रांती, असा क्रम फिजिओथेरपिस्टने घालून दिला. २०१६ च्या कायद्याने ही व्याधी दिव्यांगत्वात गणली. आमच्या मायेने मात्र बहिणीला अधिकच पंगू केले होते. आम्ही हात आवरायला शिकलो. गेल्या महिन्यात वॉकर धरून ती रोह्यास, आपल्या संसारात परतली. निघताना तिने आमचा आधार नाकारला आणि आमचे डोळे आनंदाने भरून आले.