प्रत्येक धोक्याची वेगळी ओळ

7 जून 2021 रोजी मुळशी तालुक्यातल्या उरवडे येथे एका रासायनिक कारखान्याला आग लागली आणि 17 कामगारांचा जीव गेला. त्यांत बहुतेक महिला होत्या. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारे क्लोरीन डायऑक्साइड तिथे बनत असे. प्लास्टिकच्या पॅकिंगच्या जागी आग लागल्याचे तेव्हा अग्निशमन अधिकाऱ्यांनी सांगितले होते.

मी याच तालुक्यात, पिरंगुटजवळ, एका कारखान्यात क्वालिटीचे काम पाहतो. काय काय बिघडू शकते याचा तक्ता आम्ही ठेवतो. त्याला एफएमईए म्हणतात. 1949 साली अमेरिकी लष्कराने ही पद्धत लिहून काढली. प्रत्येक बिघाडाला 1 ते 10 मधले तीन आकडे देतात: परिणाम किती गंभीर, किती वेळा घडेल, वेळेत लक्षात येणे किती कठीण. तिघांचा गुणाकार म्हणजे जोखीम. अनेक ठिकाणी 100 च्या खाली आकडा आला की ओळ हिरवी होते.

उरवड्याच्या बातमीनंतर मला या हिरव्या ओळींची भीती वाटू लागली. एक काल्पनिक उदाहरण घ्या. पिशव्या सील करणाऱ्या मशीनचा हीटर जास्त तापला तर पिशवी जळते: 6 गुणिले 3 गुणिले 4, म्हणजे 72. टेबलावर पावडर सांडते, दारासमोर खोकी साचतात. त्यांच्या ओळी वेगळ्या, त्याही हिरव्या. पण ती पावडर आग भडकवणारी असेल आणि बाहेर पडायची वाट खोक्यांनी अडली असेल, तर त्याच हीटरच्या ओळीतले 6 चे 10 होतात. जोखीम 120. पावडर हीटरवर बसून तो वरचेवर तापू लागला, 3 चे 5 झाले, की 200. हीटर तोच, फक्त शेजार बदलला.

दुसरी अडचण त्या 3 ची. पॅकिंगच्या मावशींना विचारले, "महिन्यातून किती वेळा होतं?" त्या म्हणाल्या, "कधी दोनदा, कधी पाचदा. पावसाळ्यात जास्त." तक्त्याच्या चौकोनात मात्र एकच आकडा मावतो आणि मावशींचा "कधी कधी" कार्यालयात पोहोचेपर्यंत पक्का 3 होतो.

म्हणून मी दोन रकाने वाढवले आहेत. एकात "2 ते 5" असे जसेच्या तसे लिहितो आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तिथे हिशेब 5 ने करतो. दुसऱ्यात लिहितो, हा बिघाड झाला तर आणखी कोणत्या ओळी बदलतील. तो रकाना भरायला मावशींना सोबत बसवतो. टेबल, हीटर आणि दार ही तिन्ही रोज एकत्र पाहणाऱ्या त्याच आहेत.