दारावरचे दोघे

आमचे चिरंजीव अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस शहरी नोकरीस आहेत. २०२२ सालचा हिवाळा त्यांच्याकडे काढण्याचा योग आला, आणि त्या देशी दिवसा घरात एकटे बसणे म्हणजे काय, हे आम्हांस तेव्हा कळले. अनोळख्यास दार उघडू नये अशी चिरंजिवांची ताकीद होती. ती आम्ही पहिल्याच आठवड्यात मोडली.

दारात दोन पोरसवदा तरुण उभे होते. पांढरा सदरा, नेकटाय, आणि छातीवर काळी पाटी; तीवर आडनावाआधी 'एल्डर', म्हणजे वडीलधारा, असे बिरूद. एक वडीलधारा वीस वर्षांचा, दुसरा एकोणीस! हे मॉर्मन पंथाचे प्रचारक. आत बसवून आम्ही चहाचे आधण ठेवू लागलो, तोच थोरला लाजत म्हणाला की, आमच्या धर्मात चहा चालत नाही, कॉफीही नाही. चहावाचून आतिथ्य कसे करावे, हा प्रश्न आमच्या उभ्या आयुष्यात प्रथमच पडला. अखेर साखर घालून गरम दूध दिले. ते त्यांनी अशा घाईने संपविले की, बाहेर त्यांस केवढी थंडी सोसावी लागत असेल ते निराळे विचारावे लागले नाही.

पुढे दर गुरुवारी ते येऊ लागले. दोन वर्षांचे हे व्रत. कोठे जावयाचे ते सॉल्ट लेक सिटीहून कळविण्यात येते. निवड आपली नव्हे. वेतन नाही, उलट खर्चाचा भार बहुधा घरच्यांवर. जोडीदारास क्षणभर सोडावयाचे नाही, मग त्याच्याशी पटो वा न पटो. आता आठवड्यातून एकदा घरी बोलता येते; २०१९ पूर्वी वर्षातून दोनदाच बोलता येत असे. धाकट्याची आजी त्याच्या आठव्या महिन्यात वारली. तो गेला नाही. हे सांगताना तो दुधाच्या पेल्याकडे पाहत होता. एकदा महिनाभर एकाही घराने त्यांस आत घेतले नव्हते. पण एका मालमोटार हाकणाऱ्या माणसाने दारू सोडून बाप्तिस्मा घेतला, त्या दिवसाची हकीकत थोरला सांगू लागला की, ती आम्ही चार वेळा ऐकली असूनही त्यास थांबविण्याचा धीर होत नसे.

त्यांच्या आशेचे मूळ एका जुन्या गोष्टीत होते. १८३० साली पंथ निघाला, त्याच वर्षी संस्थापक जोसेफ स्मिथ याचा भाऊ सॅम्युअल ग्रंथाच्या प्रती घेऊन पायी हिंडला. लोकांनी त्यास वाटेस लाविले. तथापि त्याने दिलेली एक प्रत हातोहात यंग कुटुंबात पोहोचली. आणि त्याच कुटुंबातील ब्रिगम यंगने पुढे १८४७ साली पंथीयांस यूटाच्या खोऱ्यात नेले. तेव्हा कोणते दार ब्रिगम यंगचे निघेल, कोणी सांगावे?

आम्ही पुण्याचे, आणि रिकामे. वाचनात आले की, ह्यू फिंडले नावाचा या पंथाचा स्कॉच प्रचारक १८५२ साली मुंबईस उतरला, पुण्यास गेला, मराठी शिकू लागला. लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध झाला, आणि १८५५ साली तो परतला तेव्हा हाती लागलेली माणसे मूठभरच होती. ही माहिती आम्ही मोठ्या उत्साहाने दोघांस सांगितली. थोरल्याने ती वहीत उतरून घेतली. त्याचे डोळे असे चमकले की, त्या क्षणीच आम्ही शुद्धीवर यावयास हवे होते.

फेब्रुवारीत एके दिवशी धाकटा सहज बोलून गेला, "दार आपटणारे बरे, महाशय. तेथे काय ते कळते. गोड बोलून महिनोन्महिने बसवून ठेवणाऱ्यांचे काय करावे, हेच आम्हांला उमगत नाही." रोख आमच्यावर नव्हता. तो तसा नव्हता, हेच आम्हांस अधिक लागले.

त्यांनी दिलेला ग्रंथ आम्ही वाचला होता; मन त्यावर बसले नव्हते, बसणारही नव्हते. हे दुसऱ्या गुरुवारीच ठाऊक होते. मग बोलावीत का होतो? धर्मजिज्ञासेने? छे! गुरुवारी कोणी तरी येते, आपले पुण्याचे पाल्हाळ ऐकते, म्हणून. दोन वर्षे मोजून घेऊन निघालेल्या पोरांचे तास आम्ही आपल्या एकटेपणावर खर्च करीत होतो, आणि वर स्वतःच्या अगत्याचे कौतुक करीत होतो. नको ते नको म्हणून दारावर पाटी लावणाऱ्या गावचे आम्ही. परदेशी जाऊन एवढेही विसरावे!

पुढच्या गुरुवारी दुधाआधीच सांगून टाकले. आम्ही तुमच्या पंथात येणार नाही, कधीही नाही, हे आधी सांगावयास हवे होते. थोरल्याने वही मिटली. "सांगितलेत ते बरे केलेत," तो म्हणाला. पण आवाज नेहमीचा नव्हता. धाकटा काही वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले की, बर्फ काढावयाचे फावडे कोठे असते? आम्ही नको नको म्हणत असता दोघांनी दारापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी केली. दूध मात्र त्या दिवशी तसेच राहिले.

तीन आठवड्यांनी खिडकीतून ते दिसले. थोरल्याची बदली झाली असावी. त्याच्या जागी नवा चेहरा होता, त्याचा कोट अजून कोराकरकरीत. आमच्या घरासमोर नवा थबकला. धाकट्याने त्यास काही सांगितले, खिडकीकडे पाहून हात वर केला, आणि दोघे शेजारच्या पायऱ्या चढले. त्या दारावरची घंटा आम्हांस आमच्या खोलीत ऐकू आली.