चोवीस तासांची नाडी

अँजिओप्लास्टीनंतर बाबांची रक्तवाहिनी मोकळी झाली होती, इकोत हृदयाचं पंपिंगही बरं निघालं होतं. तरी फुलसावंगीच्या आमच्या घरापासून वावरापर्यंत जाताना ते वाटेत दोनदा टेकायचे. वैशाखात, जेव्हा पत्र्याला हात लावता येत नाही, तेव्हा बाबा वाकळ ओढून म्हणायचे, "मले थंडी वाजून राह्यली, बाई." चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, पोट साफ नाही. नाडी पंचावन्नच्या आसपास. ती मेटोप्रोलॉलने उतरली असं सगळेच धरून होते. ती गोळी नाडी उतरवतेच, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. आणि गावात उत्तर तयारच असतं: हार्टच्या माणसाचं असंच चालायचं.

महागाव, उमरखेड, मग पैनगंगा ओलांडून हदगाव आणि नांदेड. हा रस्ता बाबांना आता नकोसा झाला होता. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी रिपोर्टची फाइल बाजूला ठेवली आणि आधी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काका, पाय सैल सोडा," म्हणत घोट्यामागे लहान हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर परत यायला त्याने वेळ घेतला. मग त्यांनी विचारलं, अमिओडॅरोन कधी चालू होती का? ठोके बिघडले की देतात ती ही गोळी. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि माणसाला दिवसाला लागतं जेमतेम १५० मायक्रोग्रॅम, म्हणून तिच्यामुळे थायरॉइड दोन्ही बाजूंना बिघडू शकतं. बाबांना ती कधीच नव्हती. डॉक्टरांनी थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ताची तपासणी आणि होल्टर लिहून दिलं. टीएसएच साधारण चारच्या आत असावं लागतं. बाबांचं चाळीसच्या वर आलं, म्हणजे थायरॉइड कमी पडत होतं.

होल्टर म्हणजे छातीवर चिकटवलेल्या पट्ट्या आणि कमरेला अडकवलेलं छोटं यंत्र. चोवीस तास प्रत्येक ठोका नोंदवला जातो. अंघोळ नाही, बाकी रोजचं सगळं करायचं आणि कधी काय केलं ते वहीत लिहायचं. बाबा गोठ्यात गेले, जेवले, झोपले, मी लिहीत राहिले.

रिपोर्ट समजावताना डॉक्टरांनी ठोक्यांची संख्या जरा बाजूला ठेवली आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराबद्दल बोलले. निरोगी हृदय घड्याळासारखं एकसारखं चालत नाही. श्वास आत घेतला की ठोके किंचित जवळ येतात, सोडला की लांबतात. बैल हाकणारा कासरा सतत थोडा ओढतो, थोडा सोडतो, तशा दोन प्रकारच्या नसा हृदयाला धरून असतात: एक पळवणारी, एक आवरणारी. ही हालचाल चोवीस तासांवर मोजून जो आकडा येतो त्याला एसडीएनएन म्हणतात. तो १०० मिलिसेकंदांच्या वर असला तर चांगला. हार्ट अटॅकमधून वाचलेल्या आठशेवर रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास १९८७ मध्ये आला. त्यात ज्यांचा आकडा ५० च्या खाली होता, त्यांच्या मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांच्या पाचपटीहून जास्त दिसला. बाबांचा आकडा साठीत होता.

थायरॉइड वाढलं की पळवणारी नस जोर धरते. झोपेतही नाडी धावते आणि चढउतार हरवतात. हे मला लगेच पटलं. कमी झालं तर मात्र नाडी संथ होते, आणि तरीही चढउतार आक्रसू शकतात, हे नवीन होतं. संथ म्हणजे शांत, असं आपण समजतो. शिवाय वाईट कोलेस्टेरॉल चढतं, ते स्टेंट बसलेल्या माणसाला परवडणारं नाही. पण बाबांना शुगरही आहे आणि शुगरनेही या नसा खराब होतात. त्या साठीत हृदयाचा वाटा किती, शुगरचा किती, थायरॉइडचा किती, हे कागदावरून ठरत नाही, असं डॉक्टर स्पष्ट बोलले. मला तो स्पष्टपणा फार आवडला.

भावाला वाटलं, टीएसएच एवढं वाढलंय तर थायरॉइडच्या गोळीचा डोसही मोठा हवा. डॉक्टरांनी सुरुवात केली साडेबारा मायक्रोग्रॅमपासून. हार्मोन एकदम वाढला तर हृदयाला जास्त ऑक्सिजन लागतो, छातीत दुखू शकतं, ठोके बिघडू शकतात. दर सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं आणि मग थोडा डोस वाढवायचा. मेटोप्रोलॉल तशीच चालू ठेवली. खरी अडचण चहाची होती. गोळी उपाशीपोटी, त्यानंतर किमान अर्धा तास काही नाही, कॅल्शियमची गोळी चार तासांनी. बाबांचा दिवसच चहाने उगवतो. शेवटी पहाटे गोठ्यात जायच्या आधी गोळी आणि धार काढून आल्यावर चहा, असं बसवलं.

पावसाळा सरेपर्यंत वाकळ सुटली, आवाज मोकळा झाला. टीएसएच जागेवर आल्यावर पुन्हा होल्टर लावलं. एसडीएनएन नव्वदीच्या जवळ गेला. बाबा रोज चालायलाही लागले होते, त्याचा हिस्सा यात आहेच. आता गल्लीत कुणी स्टेंट बसवून आलं आणि थकवा जाईना, तर मी एकच विचारते: टीएसएच केली का? बाबांची पुढची तपासणी कापूस वेचणीच्या धांदलीत येते, म्हणून तिची तारीख मी आताच दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे.