चेन्नईत जुळले दोन ताल

चेन्नई म्हटले, की मरीना बीच, मैलापूरचे कपालीश्वर मंदिर आणि मार्गळी महिन्यातील कर्नाटक संगीताच्या मैफली आठवतात. पण या शहराचा आणखी एक ताल आहे. तो उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमध्ये ऐकू येतो. हा ताल ‘परै’चा!

परै ही आपल्या हलगीची बहीणच. लाकडी कड्यावर ताणलेले कातडे, वाजवण्यापूर्वी त्याला दिलेला विस्तवाचा शेक आणि दोन काठ्या, एक लांब व पातळ, दुसरी आखूड व जाड. वादक ती खांद्याला अडकवून नाचत वाजवतात.

दुसरा ताल साहेबाचा. १६४० च्या सुमारास येथे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहू लागला. अण्णा सालैवरचे ‘म्यूझी म्युझिकल’ हे पाश्चात्त्य वाद्यांचे दुकान १८४२ पासूनचे. ड्रम शिकणारा प्रथम हातांचे पाठ घोटतो. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा हा त्यांपैकीच एक, पॅराडिडल. हे पाठ मूळचे युरोपातील लष्करी ढोलवादनाचे. १९८४ मध्ये अमेरिकेतील पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने अशा ४० पाठांची यादी ठरवली.

ड्रमवादकाच्या दोन्ही काठ्या सारख्या, म्हणून दोन्ही हातांचा आवाज एकसारखा काढणे हे त्याचे कसब. परैच्या काठ्याच वेगळ्या. तोच पाठ परैवर वाजवला, की एक हात घुमतो, दुसरा कडाडतो. पाठाचे जणू बोल होतात.

मान कोणाला?

वाद्ये जुळणे सोपे, माणसे जुळणे कठीण. परै दलित समाजाशी आणि अंत्ययात्रेशी जोडली गेल्याने तिच्या वाट्याला अवहेलनाच आली. बहिष्कृत या अर्थाचा ‘परायाह’ हा इंग्रजी शब्दही या वाद्याच्या नावावरूनच आला.

म्हणूनच जानेवारी २०१८ मधील किळपाक येथील कार्यक्रम महत्त्वाचा ठरला. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांच्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या वाद्यवृंदात परै, गिटार आणि ड्रम एकाच मंचावर आले. साथीला उत्तर चेन्नईची ‘गाना’ गाणी होती. २०२० मध्ये रंजित यांच्या नीलम संस्थेने मार्गळी महिन्यातच लोकसंगीताचा महोत्सव भरवला. २०२५ मध्ये मदुराईचे परैवादक वेलू आसान यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

डिसेंबरात चेन्नईला जाणार असाल, तर मैलापूरची मैफल जरूर ऐका. पण एक संध्याकाळ परैसाठीही राखून ठेवा. मुलांना हलगीची ओळख आपोआप पटेल.